युनची थंडी

सहा वर्षं मी हे सांगायचं टाळलं. मुलाला सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही. मंडळाच्या गणपतीत कुणी सुनेची चौकशी केली की "मजेत आहे" म्हणायचो आणि मोदकाचं ताट त्याच्यापुढं सरकवायचो. आता त्र्याहत्तर संपली. आता लिहितो.

दुपारचे तीन वाजले होते. प्रसूती विभागातली दोन खाटांची खोली. बाहेर जर्मनीतला फेब्रुवारी. माझी सून युन बाळंत होऊन दुसरा दिवस. डोक्याला लोकरीची टोपी, पायांत मोज्यांचे दोन जोड, गळ्यापर्यंत दुलई. तरी तिचे दात वाजत होते. शेजारच्या पाळण्यात माझी नात झोपलेली.

नर्स आली. पन्नाशीची, उंच, कामाला पक्की. सरळ खिडकीकडं गेली आणि तिनं खिडकी सताड उघडली. मग खाटेपाशी येऊन युनच्या डोक्यावरची टोपी काढली. न विचारता. लहान मुलाच्या हातातली काठी काढून घ्यावी तशी.

"हे बघा, हे चीन नाही," ती म्हणाली. "इथं बाळंतिणी आंघोळ करतात, हवा घेतात, चालतात. इतकं गुंडाळून घेतलं तर ताप येणारच."

युन जर्मन चांगलं बोलते. इथल्याच विद्यापीठात तिनं डॉक्टरेट केली. ती म्हणाली, "हे आमच्या पद्धतीमुळं नाही. मला आतून थंडी वाजतेय. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

नर्सनं तिच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही इथं जुने दिसता. तुम्हीच समजवा तिला."

मी युनच्या पायाला हात लावला. मोज्याच्या आत बोटं घातली. तळवे बर्फ. कपाळ तव्यासारखं. दुलई जराशी हलली तेव्हा एक वास आला. तो वास काय असतो हे मला माहीत होतं.

मी म्हणालो, "तिला खरंच ताप असावा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. इंजिनिअर. गाड्यांचा."

"मग तुम्ही गाड्या बघा," ती म्हणाली आणि हसली.

मीही हसलो. म्हणालो, "जा, जा. गेनाऊ." हो, हो. अगदी बरोबर.

युननं माझं हसू ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मला तो वास कसा माहीत होता, ते इथं युनशिवाय कुणालाही ठाऊक नाही. माझी आई सुईण होती. गावकुसाबाहेरची. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली. नाळ कापेपर्यंत तिचे हात चालायचे. मूल रडलं की तेच हात बाटायचे. ती बसायची ती जागा शेणानं सारवून घ्यायचे. भाकरी वरून टाकायचे, लुगडं लांबून फेकायचे. शाळेत पोरं मला म्हणायची, "हात धुऊन आलास का रं, सुईणीच्या?"

एकदा गावातल्या मोठ्या घरची सून बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. आई त्या घरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मालक, ही थंडी हवेची न्हाई. तळवं गार, कपाळ गरम, अंगावरचं वास मारतंय. गाडी जुंपा, तालुक्याला न्या." म्हातारा सुपारी कातरत होता. म्हणाला, "तुझं काम नाळ कापायचं. बाकीचं आम्हाला कळतं." तिसऱ्या दिवशी ती पोर गेली. आळ आईवर आला. आई मरेपर्यंत एकच बोलायची: "माझ्या हातानं न्हाई मेली ती. त्यांनी ऐकलं न्हाई म्हणून मेली." तळवे, कपाळ, वास. ते मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

मी शिकलो. इंजिनिअर झालो. इथं आलो, माइन नदीकाठच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली. कुणी विचारलं तर सांगायचो, आई नर्स होती. बायकोलाही लग्नानंतर चार वर्षांनी खरं सांगितलं. आमचा मुलगा अभय झाला तेव्हा तिनं याच देशातल्या हॉस्पिटलात शेगडी नाही तर निदान गरम पाणी तरी द्या म्हणून माझ्या तोंडाकडं पाहिलं होतं. मी म्हणालो होतो, "अगं, इथं असलं काही मागत नाहीत." मग तिनं मागितलं नाही. ती आता नाही.

युनला मात्र मी सगळं सांगितलं होतं. सातव्या महिन्यात ती माझ्या स्वयंपाकघरात बसून चिनी पद्धत सांगत होती. बाळंतिणीनं महिनाभर वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, आल्याचं गरम खायचं. मला हसू आलं. म्हटलं, "हे तर आमच्या गावचंच आहे गं." आणि आईबद्दल बोलून गेलो. सुईण, शेगडी, कानाला बांधलेला रुमाल, आळिवाची खीर. ती डोळे मोठे करून ऐकत होती. तिच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, मग माझा महिना तुम्ही कराल? तुम्हाला सगळं येतं."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आळीव आणले.

बाळ तीन आठवडे आधी आलं. अभय कंपनीच्या कामासाठी ब्राझीलला होता. विमानात बसेपर्यंत मुलगी झालीही. हॉस्पिटलात युनचं माणूस म्हणून मी एकटा. थर्मासमधून आल्याचं पाणी नेलं होतं. नर्सनं तो उचलून खिडकीत ठेवला होता. संध्याकाळी जेवण आलं: पाव, चीज, काकडी. सगळं गार. युननं हात लावला नाही. मी खिडकी लावायला उठलो. नर्स दारातून म्हणाली, "दहा मिनिटं राहू द्या." मी परत बसलो. उघड्या खिडकीशेजारी कोट घालून बसलो. नर्स म्हणाली म्हणून.

सातच्या सुमारास युन बरळायला लागली. चिनीत. मग धावपळ. मग दारं बंद. अकरा दिवस अतिदक्षता विभाग. संसर्ग रक्तात गेला होता. जगली. गर्भाशय काढावं लागलं. तिचं वय एकतीस.

बाराव्या दिवशी मला आत सोडलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं त्याहून वाईट आहे.

अभयनं तक्रार केली. विभागाच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. कॉफी दिली, बिस्किटं दिली. म्हणाल्या, "तुम्ही तिथं होता. नर्सकडून काही चुकलं असं त्या वेळी तुम्हाला वाटलं का?" खरं सांगायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुम्हाला कसं कळलं? मग आईचं नाव घ्यावं लागणार. मग मी कोण, ते कळणार. मी म्हणालो, "नाही." त्यांनी कागद पुढं केला. मी सही केली. अभयला सांगितलं नाही.

तक्रार निकालात निघाली. उत्तराच्या पत्रात एक ओळ होती: उपस्थित नातेवाइकाने कोणतीही शंका व्यक्त केली नाही. अभयनं ते पत्र माझ्याच टेबलावर बसून वाचलं. म्हणाला, "पप्पा, कोण नातेवाईक? तुम्ही तर ताप आहे म्हणाला होता ना?" मी म्हणालो, "हे लोक काहीही लिहितात." युननं पत्र हातात घेतलं, ती ओळ वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि घडी घालून परत पाकिटात ठेवलं. मी काय केलं ते तिला कळलं होतं. तिनं त्याला आजवर सांगितलेलं नाही.

त्या वर्षी ती अभय आणि बाळासह हॅम्बर्गला राहायला गेली. महिना कुणी केलाच नाही. आळीव अजून डब्यात आहेत.

मागच्या महिन्यात तिकडं गेलो होतो. बंदरातल्या फेरीबोटीत बसलो, भुरभुर पाऊस होता. नात आता सहा वर्षांची. मी मराठीत विचारलं, "शाळेत काय चाललंय?" तिनं जर्मनमध्ये सांगितलं की वर्गात घरच्या माणसांचं चित्र काढायचं होतं, बाकीच्यांना भावंडं आहेत. "ओपा," म्हणजे आजोबा, "मला का नाही?"

युन समोर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, थांबली. मी बोलावं म्हणून थांबली, आता मला तसं वाटतं. बोटीचा पुढचा धक्का येईपर्यंत थांबली. मग थर्मासचं झाकण उघडलं, वाफाळतं पाणी ओतलं आणि झाकण माझ्या हातात दिलं. "बाबा, घ्या. वारा आहे." मी ते पाणी प्यालो. दुसरं काही केलं नाही.

परतीच्या गाडीत मला तो म्हातारा दिसत होता, सुपारी कातरणारा. आयुष्यभर त्याचा द्वेष केला. निदान त्याला थंडी कसली ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मीच आईला गप्प बसवलं, दुसऱ्यांदा.

म्हणून पत्र लिहिलं आहे. हॉस्पिटलला, तक्रार पाहणाऱ्या कार्यालयाला आणि अभयला. माझी पहिली जबानी खोटी होती. रुग्ण खरं सांगत होती, तीन वेळा सांगत होती. मी लक्षणं ओळखली होती. कशी ओळखली, तेही लिहिलं आहे: माझी आई सुईण होती, अस्पृश्य होती आणि तिला त्या नर्सपेक्षा जास्त कळत होतं. आईचं पूर्ण नाव लिहिलं. खाली माझं. आता कुणी कॉफी दिली तरी यातला एक शब्द मागं घेणार नाही. अभय बोलायचा थांबला तरी नाही. उद्या पोस्ट ऑफिस उघडलं की ही तिन्ही पाकिटं रजिस्टरनं जातील.

चौथं पाकीट युनचं आहे. त्यात जबानीची प्रत घातली. सोबत चार ओळी लिहायला सहा दिवस बसलोय. फेरीबोटीत, पाण्याचा घोट घेण्याआधी, एवढंच म्हणायचं होतं:

युन, तू खरं बोलत होतीस. माझा हात तुझ्या तळव्यावर होता. मला कळलं होतं. आणि मी हसलो.