पेटी एकटीच आली

दुपारी मी पोरीले न्हाऊ घालून राह्यली होती, तिच्या अंगाले साबन तसाच, अन् दारात टेम्पो थांबला. मलकापूरच्या स्टेशनातून पार्सल घेऊन आला होता. टेम्पोवाल्यानं अन् शेजारच्या भाऊजीनं मिळून काळी लोखंडाची पेटी अंगनात उतरवली. वरतं पांढऱ्या रंगानं आमच्या यायचं, पोरीच्या बापाचं, नाव अन् नंबर. मी पेटीच्या मांगं पाहून राह्यली, पन टेम्पोतून दुसरं कोनी उतरलंच नाही.

हे फौजेत हायेत. तवा तिकडं सीमेवर लढाई लागली होती, सुट्टीवर आले अन् तिसऱ्याच दिवशी यायले वापस बोलावलं, अन् आठ दिवसापासून फोन बंद. टीव्हीवर नुसते धमाके. मले पाहवत नव्हतं अन् बंदही करवत नव्हतं.

सासू बाहीर आली, पेटी पाह्यली अन् उंबरठ्यावरच बसली. रडली नाही. नुसती म्हने, "आत नको आनू."

मी समजली. माहे सासरेही फौजेत होते. लढाईत ते बर्फात गेले, मानूस सापडलाच नाही, कागद आला अन् मंग अशीच पेटी आली एकटी. हे तवा दीड वर्षाचे. सासू मले सांगत असते का तिनं ते पेटी उघडली त घडी केलेल्या कपड्याईवर चिखलाचे बूट ठेवेल होते. तिथंच तिले पटलं का मानूस गेला, कागदावर तिचा भरवसा नव्हता. आपला मानूस कपड्यावर बूट ठेवन का? दुसऱ्याच कोनाच्या हातानं घाईत भरली होती ते. ते बूट, पट्टा अन् पानी प्यायचा मगा अजून आमच्या माळ्यावर हायेत. दरसाल पोळ्याच्या आंगंमांगं सासू बुटाले तेल लावते अन् परत ठेवते.

अंगनात बाया जमल्या. एकीनं माह्या बांगड्याईकडं पाह्यलं अन् नजर खाली केली. पोरगी साबन डोळ्यात गेला म्हून रडे, अन् मले तिच्यावर पानी टाकायचंही सुचेना, लोटा हातात तसाच. शेजारचे भाऊजी म्हने मी पोलीस पाटलाले इचारून येतो. मी म्हनलं नका जाऊ. कोनाले इचारलं अन् त्यानं सांगून देलं त?

पेटीची एक चाबी यायच्यापाशी राहते अन् एक माह्या मंगळसूत्रात. मी पोरीले टॉवेलात गुंडाळून सासूच्या मांडीवर देली अन् पेटीपाशी बसली. चाबी दोनदा उलटीच घातली. सासूनं तोंड भिंतीकडं केलं.

"मले दुसरं काही सांगू नको पोरी," सासू म्हने, "बूट कुठं हायेत तेवढं सांग."

झाकन उघडलं. वरतं हिरवं स्वेटर. मी डोळे मिटले, मंग उघडले. स्वेटरच होतं. त्याच्याखाली बनियनी, त्याच्याखाली पोरीच्या बारशातला फोटो, चादर, दाढीचं सामान. मी एकेक काढून मांडीवर ठेवत गेली, अन् पार तळाले बूट. पेपरात गुंडाळेल, अन् दोन्हीत कडुनिंबाचा पाला, सासूनंच लहानपनी शिकवेल होतं यायले.

"खालतं हायेत, आई. पेपरात. पालाही हाय."

सासूनं पोरीले एका बाईपाशी देलं, पेटीची एका बाजूची कडी धरली अन् म्हने, "त्यानंच भरली. धर तिकडून."

पन पेटी आत नेल्यावर मी सामान परत भरून राह्यली होती अन् पोरीच्या जुन्या मोज्यात काहीतरी कडक लागलं. यायची लग्नातली अंगठी. बोट सुजलं होतं एकदा तरी यायनं काढली नव्हती. म्हंजे कुठं जाऊन राह्यलो हे मालूम होतं यायले, म्हूनच सामानासंगं अंगठीही घरी पाठवून देली. पेटी भरली तवा जित्ते होते, पन ते कवाची गोष्ट? टेम्पोवाल्यानं सांगतलं होतं का पार्सल पाच-सहा दिवस स्टेशनातच पडून होतं. सासूनंही अंगठी पाह्यली. मी मोजा तसाच ठेवला.

त्याच्यानंतर तीन दिवस मी जेवली का नाही मले आठवत नाही. फोन पदराले बांधून मी गोठ्यात जाये, नळावर जाये.

चौथ्या दिवशी सकाळी भाकर तव्यावर अन् फोन वाजला. लय खरखर, अन् मंग यायचा आवाज. "पेटी पोचली का?"

भाकर जळून राह्यली. सासूनं माह्या हातातून फोन घेतला अन् म्हने, "पह्यले फोन करत जाय अन् मंग पेटी धाडत जाय, गाढवा. तुह्या बायकोनं तीन दिवसाची भाकर जाळली."

अन् मंग ते खाली बसली अन् तोंडाले पदर लावला.

लढाई थांबली. हे एकदा येऊनही गेले, आता परत तिकडंच हायेत. अंगठी घालून गेले. पेटी मातर इथंच राहू द्या म्हनलं मी यायले. पन अजूनही गल्लीत टेम्पो वळला का मी पोरीले उचलते अन् आत जाऊन उभी राहते, तो कोनाच्या दारात थांबते ते कळेपर्यंत.