तुराट्यांवर चालणारं इंजिन

नागम्मा लग्न होऊन आली त्याला आठच दिवस झाले होते, तेव्हा तिनं दाराआडून सासऱ्याचं आणि नवऱ्याचं भांडण ऐकलं. हातात सूप, सुपात ज्वारी, आणि पाखडणं थांबलेलं. सासरे शिवलिंगप्पा अंगणात उभे राहून ओरडत होते, कारण हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत पोरानं विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून चादरीवर मांडून ठेवलं होतं. बिघडलं म्हणून नव्हे. आत आग कुठं बसते ते बघायला.

"तुला बायको कशाला करून दिली रे बसवंता? भट्टी आणून द्यायला पाहिजे हुती," सासरे म्हणाले.

"आप्पा, निम्मी आग धुराड्यातनं वाया जायलीय. ती कुठं जाती ते तरी बघू द्या."

"माझ्या डोस्क्यात जाती."

नागम्माचं माहेर बिदरकडचं. राग आला की तिच्या तोंडात कानडी यायची. तिनं सुपावर थाप मारली आणि दाराआडूनच "साकु" म्हणाली, म्हणजे पुरे. नव्या सुनेचा आवाज ऐकून बाप शेताकडं वळला, लेक चादरीकडं. संध्याकाळपर्यंत इंजिन जोडून झालं आणि आधीपेक्षा बरं चाललं, पण हे सासऱ्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही.

पुढं बसवंत उदगीरच्या एका डाळमिलमध्ये फिटर म्हणून लागला आणि तीस वर्षं तिथंच राहिला. मिलमध्ये लाईट गेली की सगळी चाकं उभी. कामगार विड्या ओढायचे, मालक पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा. बसवंत मात्र चिडून फेऱ्या मारायचा. गावोगाव बांधाला तुराट्यांचे ढीग पडलेले असतात. तूर झोडून झाली की उरलेल्या काड्या चुलीत जातात, नाहीतर पावसात कुजतात. तो घरी येऊन भाकरी मोडता मोडता म्हणायचा, एवढी आग पडून हाय आणि चाक उभं, ह्याला काय म्हणावं? नागम्मा म्हणायची, ह्याला जेवण म्हणावं, जेवा.

एकदा फुटाण्याच्या पुडीच्या कागदावर त्याला एक चित्र सापडलं. हवेवर चालणारं जुनं इंजिन, शे-दीडशे वर्षांपूर्वीचं. मजकूर इंग्रजी. तो कागद घेऊन शाळेतल्या मास्तरांकडं आठ वेळा गेला. नवव्या वेळी मास्तर मागच्या दारानं निघून गेले. पण तोवर याला समजायचं ते समजलं होतं. एका नळीचं बूड आगीवर, वरचं टोक गार पाण्यात. आतली हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते. त्या फुगण्या-आकसण्यावर चाक फिरतं. डिझेल नको, वीज नको.

हे कळायला एक कागद लागला आणि करायला चौदा वर्षं. आधी डालड्याच्या डब्याचं केलं. ते दोन मिनिटं फिरलं आणि पेटलं. मग पितळी तांब्याचं केलं, तो तांब्या नागम्माच्या आईनं दिलेला होता. त्यावरून झालेलं भांडण गल्लीनं ऐकलं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून त्यानं बिडाची जाड नळी ओतून घेतली, आणि ते इंजिन चाललं. आवाज कसला, तर मांजर दूध पितं तेवढा. आत तेल चालायचं नाही, तेल जळून चिकटतं. म्हणून नातवंडांच्या शिसपेन्सिली किसून त्यांची पूड तो आत चोळायचा. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, तेल कुठं घालायचं? नाही म्हटलं की तोंड वाकडं करून निघायचा. तेल न पिणाऱ्या इंजिनावर आपल्याकडं कोणाचा विश्वास बसेल?

बसवंताला एवढंच पाहिजे होतं की चार माणसांनी उभं राहून ते चालताना बघावं. निवृत्त झाला, सत्तरी गेली, तरी तेवढं झालं नव्हतं.

मग लातूरला शेतीचं प्रदर्शन भरलं. भरवणारे हणमंतराव म्हणून एक गृहस्थ होते, पांढरे कपडे आणि कानाला फोन. त्यांनी कुठंतरी ऐकलं आणि बोलावणं पाठवलं. पाहुण्यांच्या हस्ते इंजिनाचं उद्घाटन होईल, सकाळी दहाला चालू करून ठेवा. टेम्पोत इंजिन, इंजिनाशेजारी बसवंत, आणि तुराट्यांच्या भाऱ्यावर नागम्मा, अशी दोघं गेली. दहाला त्यानं आग लावली. चाक फिरायला लागलं. दहा-बारा शेतकरी जमले, एकानं तर खाली बसून धुराडं शोधलं. बसवंताचा चेहरा असा झाला होता की नागम्मानं पदर सारखा करून दुसरीकडं बघितलं.

पाहुणे दीड वाजता आले. साडेतीन तास तो तुराट्या घालत होता, कारण हणमंतराव दर दहा मिनिटांनी सांगायचे की विझू देऊ नका, आलेच. नळीचं बूड लालभडक झालं होतं. पाहुण्यांच्या हातात नारळ दिला गेला. नवीन यंत्राला नारळ फोडायचा ही आपली रीत, त्यात वावगं काही नाही. पण तो फोडायचा दगड कोणी ठेवलाच नव्हता.

"मशीनवरच फोडा साहेब, फोटो चांगला येईल," हणमंतराव म्हणाले.

बसवंत मध्ये आला. "तिथं नको साहेब, लई तापलंय. जमिनीवर फोडा."

"बाबा, शुभकार्यात आडवं येऊ नका," म्हणून हणमंतरावांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

नारळ नळीच्या काठावर आपटला. पाणी ओघळत लाल बुडापर्यंत गेलं. टण्ण आवाज झाला. लोकांना वाटलं नारळाचा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चाक तीनदा फिरलं आणि उभं राहिलं. नळीला केसाएवढी चीर वरपासून खालपर्यंत गेली होती. टाळ्या अजून चालूच होत्या.

बसवंत खाली बसला. हणमंतरावांनी माईक घेऊन सांगितलं की ग्रामीण भागातला प्रयत्न आहे, कौतुक करायला हवं, थोड्या सुधारणा लागतील.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं नागम्मानं त्या खटाटोपाला शिव्या दिल्या होत्या. पण त्या घरच्या शिव्या. ती भाऱ्यावरून उठली, गर्दीतून सरळ माईकपाशी गेली.

"तापल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं की तवा तडकतो," ती म्हणाली. "हे आमच्यात सात वर्षांच्या पोरीला कळतंय. तुम्हाला घरात कोणी सैपाकघरात येऊ देत न्हाई का?"

माईक चालू होता. बायका हसल्या. पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ते गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात नारळासकट फोटो आला आणि खाली लिहिलं, इंजिन पहिल्याच दिवशी बंद.

महिन्याभरानं हणमंतराव शाल आणि नारळ घेऊन घरी आले. म्हणाले, पुढच्या वर्षी पण या, चालवायची गरज नाही, नुसतं मांडून ठेवा, रंग देऊन.

 बसवंतानं शाल घडी करून हणमंतरावांच्या मांडीवर परत ठेवली. "बंद इंजिन म्हंजे भंगार," तो म्हणाला. "भंगार बघायला मी तुमच्या मांडवात कशाला येऊ? बाजारात रोज बघतो." नारळ मात्र नागम्मानं ठेवून घेतला आणि चटणी केली. नारळाचा काय दोष?

बिडाला वेल्डिंगचा डाग नीट लागत नाही. नळी ओतणारा मिस्त्री वारला होता. तेव्हा जुन्या ट्रकच्या इंजिनातली नळीच मिळवायची, असं बसवंतानं ठरवलं आणि तो दर मंगळवारी नांदेडच्या भंगार बाजारात जायला लागला. छातीत दुखायचं, ते त्यानं सांगितलं नाही. नागम्माला ते माहीत होतं, तिनं विचारलं नाही, कारण विचारलं तर थांबवावं लागलं असतं. याचा राग तिला अजून येतो. स्वतःचाच येतो.

वैशाखातल्या एका शुक्रवारी तो गेला. त्याला लिंगायत समाजाच्या रीतीनं बसवून माती दिली. त्याच्या आधीच्या मंगळवारीही तो नेहमीसारखाच सकाळच्या एसटीनं नांदेडला गेला होता. नागसेन भंगारवाल्यानं चहा सांगितला, पाच नळ्या पुढं टाकल्या. बसवंतानं प्रत्येक नळी पान्यानं ठोकून कान लावून ऐकली. चार बाजूला सारल्या, पाचवी पिशवीत घातली. नागसेन म्हणाला, काका, तुम्ही तर पोरगी बघायला आल्यासारखं करता. बसवंत म्हणाला, पोरगी एका दिवसात पसंत केली होती, हिला येळ लागणारच.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं नेहमीप्रमाणे लोखंडाचं तिकीट मागितलं आणि यानं नेहमीप्रमाणे सांगितलं की लेकरू मांडीवर हाय. फाट्यावर नागम्मा उभी होतीच. पिशवीचा एक बंद तिनं धरला, एक त्यानं. पिशवीत नळीखाली दुपारची भाकरी तशीच होती, फडक्यात बांधलेली. तिनं त्याला तिथंच लिंबाखाली बसवलं आणि म्हणाली, खा आधी, मग घर. तो खायला लागला. एका हातानं भाकरी, आणि दुसऱ्या हाताचं बोट नळीच्या आतून फिरवत, कुठं खडबडीत लागतंय का ते चाचपत.