आमच्या नातीचं मॉडर्न नाव

आमच्या सोसायटीच्या बागेत उभं राहून मी "मायरा" अशी हाक मारली आणि माझ्या ओळखीच्या नसलेल्या तीन मुली घसरगुंडी सोडून माझ्याकडे धावत आल्या.

खुलासा करतो. माझी नात तेव्हा पाच दिवसांची होती आणि घरात झोपलेली होती. मी फक्त नावाची चाचणी घेत होतो. नाव कागदावर कितीही गोड दिसो, हाक मारताना ते तोंडात बसतं का, हे मोकळ्या हवेतच कळतं, असं माझं मत. (माझी बरीच मतं मोकळ्या हवेतच टिकतात.) तेवढ्यात बाकावरून एक आई उठून आली.

"काका, तुम्ही कुणाला बोलावताय?"

"कुणालाच नाही. नाव कसं वाटतं ते बघत होतो."

हे उत्तर खरं होतं, पण ऐकायला बरं नव्हतं. वॉचमन मला घरापर्यंत सोडायला आला.

आता आमच्या घरातली परिस्थिती. सुनेची, म्हणजे केतकीची, आई नोकरी करणारी, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं. बाराव्या दिवशी बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या लेकीचा, पूजाचा. तिची अट एकच होती: नाव वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. तिचंही बरोबर आहे. ती शाळेत होती तेव्हा पूजांचं इतकं पीक आलं होतं की बाईंनी "पूजा, उभी राहा" म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा आणि उरलेला अर्धा स्नेहल असायचा. माझ्या वर्गात हेच सुनीता आणि संगीताचं होतं. आईच्या काळात शकुंतला आणि सुशीला. प्रत्येक पिढीला वाटतं, आपण काहीतरी नवीन शोधलं. शोधलेलं असतं ते सगळ्यांनी मिळून, एकाच वर्षी.

"बाबा, मायरा बाद," पूजानं फोनवर निकाल दिला. "आणि कियारा, अन्वी वगैरे काढूसुद्धा नका."

मी तोवर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या डेकोरेटरकडे थर्माकोलची 'मायरा' सांगून आलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी केतकी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. माझी बायको शेजारी मेथी निवडत होती. केतकी म्हणाली, "मला एक नाव सुचलंय. छोटंसं, एकदम मॉडर्न. तारा."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

कारण तारा हे माझ्या बायकोचं नाव आहे. होतं. तिच्या आत्याबाईंनी बागलाणातल्या नामपूरला, माहेरी, तिच्या कानात सांगितलेलं. पण आमचं लग्न ठरलं तेव्हा मला ते नाव नऊवारीतलं वाटलं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मी 'पल्लवी' लिहिलं. तिनं वाचलं आणि मान हलवली. (नव्या नवरीनं मान हलवली की तो होकारच असतो, अशी आमची समजूत!) नंतर कळलं की त्या लगनसराईत नाशिकच्या प्रत्येक नवरदेवाला हेच सुचलं होतं. आमच्या कॉलनीत शिवणवाल्या पल्लवी होत्या, पोळीभाजीवाल्या पल्लवी होत्या, आणि आमची 'दुसऱ्या मजल्यावरची पल्लवी'. आम्ही तळमजल्यावर राहायला आलो तरी ती दुसऱ्या मजल्यावरचीच राहिली.

माहेरी ती थोरली. एक आत्याबाई सोडल्या, आणि त्या आमच्याकडे फिरकत नसत, तर आईवडिलांसकट सगळे तिला आक्का म्हणायचे. त्यामुळे तारा हे नाव आमच्या मुलांच्याही कानावर कधी पडलं नव्हतं.

"तारा जरा जुनाट वाटत नाही?" मी म्हणालो.

"कुणाला?" बायकोनं मेथीतून मान न उचलता विचारलं.

"लोकांना."

"कुठल्या लोकांना?"

मी चहा पुसायला फडकं आणायला गेलो. ती मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"हे बघा," ती हळूच म्हणाली, "सासूचं नाव आहे कळलं तर केतकी ठेवणार नाही. सासूच्या नावानं पोरीला रागवायचं कसं, म्हणून कुणीच ठेवत नाही. बारसं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"माझं?"

"तुमचंच. बाकी कुणाचं उघडत नाही."

मी तोंड मिटलं. पूजानं तारा नाव ऐकताच पसंत केलं. डेकोरेटरनं कुरकुरत 'म'चा 'त' करून दिला आणि 'य' मला आठवण म्हणून दिला. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि बारशाच्या आदल्या दिवशी नामपूरहून निरोप आला: आत्याबाई स्वतः येताहेत.

"द्वारकेवर उतरतील," बायको म्हणाली. "तुम्ही आणायला जा. रिक्षातच सांगून टाका, केतकीसमोर माझं नाव घ्यायचं नाही म्हणून."

सोपं काम होतं. पण आत्याबाईंनी ठेवलेलं नाव मी पुसलं, तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त कांद्यावर बोलतात. रिक्षात बसल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आत्याबाई, यंदा कांदा कसा आहे?" सिग्नलला पुन्हा धीर केला आणि विचारलं, "उन्हाळी कांदा?" घर आलं तेव्हा मला बागलाणातल्या कांद्याची पूर्ण माहिती झाली होती.

"सांगितलंत ना?" बायकोनं दारातच विचारलं.

मी मान हलवली. (तिनं तो होकार समजला.)

बारसं सुरू झालं. पाळण्याखालून वरून गोविंद झाले, गोपाळ झाले. पूजानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि ती मोठ्यानं म्हणाली, "तारा!"

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तारा, आठे ये वं."

"आत्याबाई, ती बारा दिवसांची आहे," कुणीतरी समजावलं. "इथे येईल कशी?"

पण तारा आली. हातातलं घुगऱ्यांचं पातेलं तसंच घेऊन माझी बायको गर्दीतून गेली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात बसली. आत्याबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावाईबापू, तांदूळमा लिखेल नाव किती दिन टिकस?"

मला कांद्याशिवाय त्यांच्याशी बोलता येत नव्हतं.

केतकीच्या हळूहळू लक्षात आलं. "अहो आई, म्हणजे तारा तुम्ही? मग आता मी हिला ओरडू कशी? 'तारे, गप्प बस' म्हणू?"

"म्हण की, बिनधास्त म्हण," बायको म्हणाली. "त्या नावानं मला कुणी ओरडलंय, त्यालासुद्धा किती वर्षं झाली."

पूजा आधी हसली, मग रडली, मग सगळ्या बायकांनी मिळून दोन्ही तारांना ओवाळलं. आजूबाजूच्या सासवा आपापली जुनी नावं सांगू लागल्या. शिवणवाल्या पल्लवीवहिनी मूळच्या रमा निघाल्या आणि केतकीच्या मैत्रिणीनं ते नाव जागच्या जागी बुक केलं. मला कुणी ओवाळलं नाही. घुगऱ्या मात्र मिळाल्या.

पाहुणे पांगल्यावर बायको पाळण्याला झोका देत बसली होती. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली असेल. मी शेजारी जाऊन बसलो आणि शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, "मीही आता तुला तारा म्हणू का?"

"छे. तुम्ही आपले पल्लवीच म्हणा," ती पाळण्यात बघत म्हणाली. "तुमचं लग्न तिच्याशी झालंय. तारासाठी मी जरा बघून-सवरून स्थळ शोधणार आहे."