शिउछिनच्या दारातली लसणपात

म्याओ शिउछिनचा जन्म वूहानच्या पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये भात वाढण्यात गेला. निवृत्तीनंतरही ती सगळ्यांशी बोलायची ती रांगेत घुसलेल्या कामगाराशी बोलावं तशी. पालिकेने तिच्या इमारतीपुढे रस्त्याकडेला लांबलचक चर खणला, त्यात खडी, वाळू, माती भरली आणि वर उंच पाणगवत लावलं, तेव्हा तिने मुकादमाला विचारलं, "डासांना घरं बांधताय? माणसांची झाली का बांधून?"

"काकू, रस्त्यावरचं पाणी यातून गाळून पलीकडच्या तळ्यात जाणार."

"गाळा बापडे."

पहिल्या वर्षी गवत मरतुकडंच राहिलं. पावसात चरात काळं पाणी शिरायचं आणि तळ्याकाठच्या पाइपातून जवळपास तसंच बाहेर पडायचं. एवढी माती फुकट का घालवा, म्हणून शिउछिनने दारापुढचं गवत उपटून लसणपात लावली. पात अशी तरारली की बाईला आभाळ ठेंगणं झालं. तिने पातीचं सारण भरून डंपलिंग केली, चाखत चाखत निम्मी स्वतःच संपवली आणि उरलेली खायला शेजारच्या लुओ दादाला बोलावलं. हा निवृत्त बसड्रायव्हर.

ताटली चाटून झाल्यावर लुओने विचारलं, "पात कुठली गं?"

"दारातली."

लुओचा चेहरा पडला. "अगं बये, गाड्यांचं तेल, टायरचा भुगा, कुत्र्यांचं मूत, सगळं त्या मातीत अडकतं. अडकावं म्हणूनच तो चर आहे."

"तू जन्मभर डिझेलचा धूर गिळलास, तुला काय होतंय? मी मरेन."

दोघंही मेली नाहीत. पण पात दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेली. पुढच्याच मुसळधार पावसात तिथली उघडी माती वाहून पाइपात बसली, चर तुंबला आणि गढूळ पाणी जिन्यात चढलं. सगळी इमारत शिउछिनच्या नावाने बोटं मोडू लागली. तिने उलट चार शब्द सुनावले खरे, पण मग मुकाट्याने चराच्या दुसऱ्या टोकाला जरा दाटलेल्या गवतातले ठोंब आणून रिकाम्या जागी लावले.

गवताने घाई केली नाही. मुळं खोल उतरायला तीन-चार पावसाळे गेले. माती भुसभुशीत झाली, पाणी साचेना, जिरू लागलं. पाइपातून येणारं पाणी आधी चहासारखं, मग भाताच्या धुवणासारखं, आणि एका पावसात चक्क नितळ आलं. शिउछिन छत्री घेऊन तळ्याकाठी ते बघत उभी राहिली. लुओ म्हणाला, "मान की आता, गवत कामाचं आहे."

"लावलं कोणी?" ती म्हणाली.