कोरियाची राणी चामोर्शीत

नागभीडला उतरलो तो जंगल पाहायला. पण मित्र प्रशिक म्हणाला, "उद्या चामोर्शीले पोरगी पाहाले चाललो. तूही चल, आईले सांभाळ." मुलगी, करुणा, परिचारिका. दोघांनी फोनवरच एकमेकांना पसंत केलं होतं. होकार बाकी होता तो फक्त प्रशिकच्या आईचा, सुमनबाईंचा.

एसटीत सुमनबाईंनी मला शेजारी बसवलं आणि एक इयरफोन माझ्या कानात खुपसला. मोबाइलवर हिंदीत डब केलेली कोरियन मालिका: जाळीदार उंच टोप्या, तरुण राजा-राणीचं प्रेम आणि कट शिजवणारा अख्खा दरबार. अकराव्या भागात राजा औषध पिऊन कोसळला.

"राणीनंच जहर टाकलं. सासूले उलटून बोलते, तवाच समजली मी."

मी राणीची बाजू घेतली, तर बाईंनी इयरफोन काढून घेतला. तेव्हा कुठे मला बाहेरच्या बांध्या (भाताची खाचरं) दिसल्या. वैनगंगा मात्र केव्हाच मागे गेली होती.

गडचिरोलीला बस बदलून चामोर्शी गाठलं. जय भीम झाला, पाणी झालं, लाखोळीच्या डाळीचे वडे आले. मी सहावा वडा उचलला आणि सुमनबाईंनी करुणाला पहिलाच प्रश्न टाकला.

"मालिका पाहते का?"

"सोळाही भाग झाले, काकू."

"मंग सांग, जहर राणीनंच टाकलं ना?"

"नाई."

"मी माह्या डोयानं पाह्यलं!"

"जेवढं सासूनं दाखवलं, तेवढंच पाह्यलं तुम्ही."

करुणाचे वडील उगाच खाकरले. प्रशिक मलाच कोपरानं ढोसत होता, जणू जहर मी टाकलं होतं.

"मंग टाकलं कोनं?"

"थे नाई सांगत. तेरावा भाग पाहा."

"सासूलेच दोष देशीन तू!"

"चुकली असन तं देईन."

मी वडा खाली ठेवला. "कळवतो," म्हणून आम्ही उठलो, आणि त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता.

परतीच्या बसमध्ये सुमनबाई पुढच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या. प्रशिकचा चेहरा उतरला होता. "आईनं नाई म्हटलं, तं मी काय करू?" मला त्या बाईंचा खरोखर राग आला.

आरमोरी आली आणि त्यांनी करुणाला फोन लावला. आवाज ड्रायव्हरपर्यंत पोचत होता.

"तेरावा पाह्यला वं. सासूच निघाली!" मग जरा थांबून, "उरलेले तीन मी एकटी पाहत नाई. तू घरी आली का सोबतच पाहू."

प्रशिक माझा हात इतका जोरात दाबत होता की दुखला.

जंगल न पाहताच मी पुण्याला परतलो. पण आपलं चुकलं, हे भर एसटीत, खणखणीत आवाजात कबूल करणारी सासू मी पाहिली. आमच्या पेठांत अजून तरी दिसलेली नाही.