स्टीरिओची मडकी

माझी लेक सगळ्या सोयऱ्यांत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची. गोष्ट माझ्या भल्याचीच होती, पण खोटी होती. लेक खोटं बोलत नव्हती, तिनं जे पाहिलं तेच ती सांगायची. खोटा मी. वर्षभर मी ती गोष्ट मान खाली घालून ऐकली, आणि लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं बसला आहे.

मी चौथी शिकलो. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये जन्म काढला. तिथं माझ्या कानाला मान होता. पट्टा घसरून राहिला की बेअरिंग सुकलं, हे मी दारात उभं राहून आवाजावरून सांगायचो. शेठ फिटरच्या आधी मला हाक मारायचा. त्या मानानंच माझं डोकं फिरलं असावं. मिलमधलं काम सुटल्यावर बाजारातून एक जुना स्टीरिओ आणला, दोन स्पीकरच्या पेट्यांचा. गाणी ऐकायला नाही, आवाज सुधरवायला.

मग सुरू झालं. पेट्यांच्या खाली पितळेच्या वाट्या पालथ्या घातल्या. पेटी आणि भिंतीच्या मधात धानाच्या भुशानं भरलेल्या उशा लावल्या. सायकलच्या ट्यूबचे गोल कापून पेट्यांच्या पायाला चिकटवले. तारा तीन पदरी विणल्या. खरं म्हणजे बायकोनं विणल्या, वेणी घालतात तशा. माझ्या बोटांना ते जमत नव्हतं, पण लोकांना मी सांगितलं की माझीच करामत आहे.

शेवटी मडकी आणली. मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवायचा आणि बुडाला भोक पाडायचं, म्हणजे आवाज घुमून मोकळा बाहेर येतो, असं माझं म्हणणं. कुंभाराकडे जाऊन मी वीस-वीस मडकी वाजवून पाहायचो. बोट वाकवून दोनदा ठोकायचं आणि कान जवळ न्यायचा.

कुंभार म्हणायचा, "काका, पानी भराचं हाय का वरात काढाची हाय? वाजवा, पन फोडू नोका."

दोन मडकी घरात टांगली तर बायको दारातच थांबली.

"अजी, भोकाचं मडकं कोनी घरात ठेवते का? हे त घाटावरचं काम झालं."

"तुले काय समजते? तू फक्त ऐक आन् सांग, आवाज मोकळा झाला का नाई."

तिनं पदराला हात पुसले, नीट उभी राहिली, ऐकलं.

"मले त पयलेसारखाच वाटते बाप्पा."

दर वेळी हेच. वाट्या लावल्या तेव्हाही, उशा लावल्या तेव्हाही. शेजारचे लोक ऐकायला बसले होते, त्यांच्या समोर मी म्हटलं, "हिच्या कानात धानाच्या बांदीतला चिखल भरला हाय." सगळे हसले. तीही हसली आणि त्याच लोकांसाठी चहा ठेवायला आत गेली.

पोळ्याच्या आधी एक दिवस तार ढिली झाली म्हणून मी मडकं खाली घेतलं. भोकात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलेला. दुसऱ्याही मडक्यात तसाच.

"हे कोनं केलं व?"

"मीच," ती म्हणाली. "भोक बुजलं का मंग ते भोकाचं मडकं राहत नाई. नागपंचमीपासून हाय ते. तुमी त रोज म्हनता, काय आवाज खुलला."

टोमणा नव्हता तो. ती साधं सांगत होती. नागपंचमीपासून त्या दिवसापर्यंत मी आल्यागेल्याला बसवून म्हणत होतो, ऐका, भोकामुळं कसा मोकळा येतो. आणि भोकात चिंधी. म्हणजे मलाही काही ऐकू येत नव्हतं. वाट्यांनी नाही, उशांनी नाही, कशानंच फरक पडला नव्हता, आणि घरात खरं सांगणारी एकटी तीच होती.

मी काय करावं? बोळा अंगणात फेकला आणि ओरडलो, "म्हनूनच! म्हनूनच मी म्हनो का आवाज बोदा काहून येऊन राहिला!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला समजलं, हे मला समजलं. ती अंगणात गेली, बोळा उचलला. त्यानंतर मी कधीही विचारलं तर म्हणायची, "हो, छान येते." मरेपर्यंत तेच म्हणाली. तिचं खरं बोलणं मीच बंद केलं.

मागच्या वर्षी ती गेली. कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध केलं, मग भंडाऱ्याला नेलं, आठ दिवसांत संपली. आम्हाला एकच लेक, त्यामुळं अग्नी मीच दिला. लेकही घाटावर आली होती, ऐकलं नाही कोणाचं.

साळ्यानं माझ्या हातात नवं कोरं मडकं दिलं. त्यात नदीचं पाणी भरायचं, खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं, आणि मागून तो दगडानं भोक पाडणार. मी मडकं घेतलं. आणि माझं बोट आपोआप वाकलं. दोनदा ठोकलं. कान जवळ नेला.

मडकं खणखणीत वाजलं. मी मान हलवली. मनात आलं, किती चांगलं भाजलं आहे, असं मडकं आपल्याला कधी भेटलं नाही, आता हे फुटणार. मागं लाकडांवर माझी बायको होती. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ मी मडक्याचाच विचार केला.

लेक दोन हात अंतरावर उभी होती. तिनं येऊन मला कवेत घेतलं आणि मामाला म्हणाली, "मामा, बाबानं आईले हाक मारली. दारावर ठोकते ना मानूस, तशी."

साळा रडायला लागला. तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी पाणी भरायला वाकलो.

तेरवीपर्यंत ही गोष्ट सगळीकडं झाली. बाया माझ्याकडं पाहून म्हणायच्या, "एवढा जीव कोनता नवरा लावते व?" मी ते ऐकत चहा प्यायचो.

यंदा तिच्या वरसीला घर भरलं होतं. लेक पंगतीत वरण वाढत होती आणि तिची चुलत सासू पहिल्यांदाच आली होती, तिला लेकीनं माझ्या हाकेची गोष्ट सांगितली. मी खाटेवरून म्हटलं, "नाई. हाक नवती ते."

"मंग काय होतं, बाबा?"

"मडकं कसं वाजते, ते पाहत होतो."

"म्हातारा भरमला वाट्टे," चुलत सासू म्हणाली. दोघीतिघी हसल्या. लेक हसली नाही. वरणाची बादली हातात घेऊन माझ्या समोर आली.

"कायले पाहत होते?"

"सवय. पेटीसाठी घेतो तसं."

"आई तिथंच होती, बाबा."

"हो."

"तेवढ्या टायमाले आई तुमच्या मनात नवती?"

होती म्हटलं असतं तर मिटलं असतं. पंगतीतल्या बायांचे हात थांबले होते.

"नवती," मी म्हटलं.

ती वळली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. वाढत राहिली, कोणाला पाहिजे, कोणाला नको, न विचारता. दुसऱ्या दिवशी सासरच्या लोकांसोबत निघाली. पाया पडली. दर वेळी बसमध्ये चढता चढता मला सतरा गोष्टी सांगते, या वेळी सांगितल्या नाहीत.

साळा मला म्हणाला, "भाऊजी, कायले सांगतलं? चांगली होती ना गोष्ट. पोरगी त्याच्यावर जगून राहिली होती."

असेल. पण ती माया तिच्या गोष्टीतल्या, घाटावर हाक मारणाऱ्या दुसऱ्याच माणसाला मिळत होती, आणि त्याच्या जागी बसून मी ती खात होतो. बायकोशी जे केलं ते लेकीशी करायचं नव्हतं.

ती गोष्ट ती आता कोणाला सांगत नाही. पहिले रोज फोन करायची. आता मी करतो, दिवसातून दोनदा. एकदा उचलते.