मालनच्या वईच्या मेढी

आंबिवलीच्या मालनला गाव भांडकुदळ म्हणायचं. बाईमाणसाने आपलं ते आपलं म्हटलं की तिला हे नाव मिळतंच, त्यासाठी फार भांडावं लागत नाही.

तिचा नवरा विठ्ठल तापाने गेला तेव्हा मागे राहिलं ते दोन खणांचं कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे काळू नदीच्या बाजूला उतरत गेलेलं परसू. शेत कुळाचं होतं, ते मालकाने दुसऱ्याला दिलं. मग मालन त्या परसावर जगली. वांगी, मिरच्या, पावटा, न्हाणीच्या पाण्यावर अळू. सगळं टोपलीत घालून कल्याणच्या बाजाराला चालत जायचं आणि मीठ-तांदूळ घेऊन परतायचं. घराभोवती विठ्ठलने जाड लाकडी मेढी रोवून त्यांवर काट्यांची वई घातली होती. वईच्या आत ते आपलं आवार, बाहेर गाव. इतकं साधं होतं ते.

पण परसाच्या पलीकडेच दौलत पाटलाचं खळं. पाटलाला नदीवर गाड्या न्यायला वळसा पडायचा. मालनच्या परसातून सरळ वाट निघाली असती. त्याने एकदोनदा गोडीने विचारलं. "पाटील, माजं पोट तुमच्या चाकाखाली घालू का?" एवढंच मालन म्हणाली. तेव्हापासून ती भांडकुदळ.

त्या साली सरकारची मोजणी यायची होती. घरागणिक आवार मोजून कागदावर चढणार. कागदावर चढेल ते घराचं, राहील ते गावठाणातलं मोकळं, असं पाटलाने कचेरीतून ऐकून आणलं. गावात मात्र त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मोजणी शिमग्याला लागूनच येणार, हेही नाही.

शिमग्याला होळीची लाकडं चोरायची ही रीतच. ज्याच्या वईची मेढ गेली त्याने शिव्या द्याव्यात, पण अडवू नये. आणि नेणाऱ्याने मेढ आगीत टाकताना धन्याच्या नावाने बोंब मारायची. न सांगता टाकलेलं लाकूड होळी घेत नाही, असं म्हातारे म्हणत. एरवी घरटी एखादी मेढ जायची. त्या साली परसाची अख्खी वई गेली. पाटलाने गडीमाणसांना भरपूर ताडी पाजली आणि एवढंच म्हणाला, "विधवेच्या वईला राखण नसते रं."

आणि गेले की सगळे! चांगले मिशा फुटलेले बाप्ये, एका एकट्या बाईचं कुंपण उपटायला. ज्यांच्या पोरांना मालनने तापात पेज भरवली होती, तेही गेले. रीत म्हटली की माणसाला लाज सोडायला बरं पडतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मोजणीचे कारकून त्र्यंबकराव साखळी घेऊन दारात उभे राहिले. मालन हातात कोयता घेऊन नव्या मेढी आणायला रानात निघाली होती, ती तशीच थांबली. कारकुनांनी घर मोजलं, अंगण मोजलं. मागे आले आणि सोबत आलेल्या पाटलाकडे पाहू लागले.

"ही गावची मोकळी जागा हाय, रावसाहेब. वाट हाय इथून," पाटील म्हणाला.

"हे माजं परसू हाय," मालन म्हणाली.

त्र्यंबकराव वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, आवार म्हणजे कुंपणाच्या आतलं. इथे कुंपणच नाही. मी कशाच्या आधाराने लिहू?"

मोजणी बघायला सगळं गाव जमलं होतं. मालनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. राग तिच्या डोळ्यांत पाणी होऊन आला, आणि त्याचाही तिला राग आला.

"काळुराम भावजी," ती विठ्ठलच्या जोडीदाराला म्हणाली, "परवा होळीपुढं कोनाच्या नावानं बोंबललात?"

काळुरामने मान खाली घातली.

"सांगा की. तवा तर नदीपार ऐकू गेलं."

"तुज्या नावानं, वयनी," तो पुटपुटला. "मालनच्या वईची मेढ, म्हनून."

"आनि तुमी? आनि तुमी?" ती पुढे पुढे सरकत गेली. कुणी नाही म्हणेना. पाटलाचा बेत पक्का होता, पण बोंब मारू नका हे सांगायचं तो विसरला होता. सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. होळीशी खोटं कोण बोलणार?

"रावसाहेब, वई जळली, पन तिचे खड्डे हायेत," मालन म्हणाली. "ज्यानं जी मेढ उपटली त्यानं त्या खड्ड्यात उभं ऱ्हावं. मग मोजा."

आधी काळुराम गेला आणि नदीकडच्या खड्ड्यात पाय घालून उभा राहिला. त्याच्यामागे एकेक जण गेला. भर उन्हात, एकमेकांची नजर चुकवत, गावचे बाप्ये मालनच्या परसाभोवती वई होऊन उभे राहिले. एक कोपरा तेवढा रिकामा राहिला.

होळीत पहिलं लाकूड टाकायचा मान पाटलाचा. ती मेढ त्याने कुठल्या कोपऱ्यातून उपटली, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"कोपरा मोकळा हाय, पाटील," मालन म्हणाली.

त्र्यंबकरावांनी साखळी खाली ठेवली नाही. ते थांबले. दौलत पाटलाने गावाकडे पाहिलं, गावाने जमिनीकडे. शेवटी तो धोतर सावरत कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरला. साखळी त्याच्या घोट्याला टेकवून कारकुनांनी माप घेतलं आणि परसू मालनच्या नावावर मांडलं.

साखळी गुंडाळली तसे लोक निघायला लागले. मालनने आपल्या हातातला कोयता काळुरामकडे दिला.

"एकानं रानात जाऊन मेढी आना," ती म्हणाली. "बाकीच्यांनी तवर हलायचं नाय. माज्या वांग्यांत गुरं शिरतील."